राजगडावरील राजघर

गेल्या रविवारी आईला घेऊन राजगडावर गेलो होतो. पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर फाटा, तेथून मार्गासनी आणि पुढे पाली असा प्रवास केला. गुंजवण्याहून चोरदरवाज्याने चढणारी वाट अधिक उभी आहे. पालीची वाट पायऱ्यांची व रुंद असल्यामुळे आईला तीच सोयीची पडली.

मुरुंबदेवाच्या डोंगरावर शिवाजी महाराजांनी उभारलेला हा गड, राजधानी रायगडी जाईपर्यंत सुमारे पाव शतक स्वराज्याचे केंद्र होता. १६६६ मध्ये आग्ऱ्याहून निसटलेले महाराज येथेच परतले आणि २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजाराम महाराजांचा जन्मही येथेच झाला. त्यामुळे गड पाहताना मला नेहमी कुणाच्या तरी घरी आल्यासारखे वाटते.

आई पद्मावती माचीवर देवळापाशी थांबली आणि मी बालेकिल्ल्याकडे निघालो. कातळातली अरुंद, उभी वाट चढून गेल्यावर महादरवाज्याची कमान आजही भक्कम उभी दिसते. आत चंद्रतळे आहे, राजवाड्याची जोती आहेत आणि पश्चिमेला तोरणा अगदी समोर दिसतो. भिंती उरलेल्या नसल्या, तरी जोत्यांवरून दालने ओळखता येतात, आणि कुठे कोण वावरत असेल या विचारात माझा बराच वेळ गेला.

तेथून उतरून संजीवनी माचीवर गेलो. तीन टप्प्यांत उतरत गेलेली ही माची म्हणजे दुर्गबांधणीतील असामान्य काम आहे, असे माझे ठाम मत आहे. तटाला आतून दुसरा तट दिला असून दोहोंमध्ये चिंचोळी खोल वाट ठेवली आहे. बाहेरचा बुरूज ढासळला तरी आतला बुरूज शाबूत राहावा आणि आत शिरलेला शत्रू त्या बोळात कोंडला जावा, ही योजना तेथे उभे राहिल्यावर आपोआप उमगते. युनेस्कोने २०२५ मध्ये जागतिक वारसा म्हणून ज्या बारा किल्ल्यांना मान्यता दिली, त्यांत राजगड आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

परत आलो तेव्हा आई सईबाईंच्या समाधीजवळ उभी होती. सईबाईंचे निधन ५ सप्टेंबर १६५९ रोजी याच गडावर झाले. तेव्हा संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे होते, आणि पुढे दोनच महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, महाराज प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानासमोर उभे राहिले. प्रतापगडाचा प्रसंग आपण शाळेपासून ऐकतो. त्याआधीचे हे दोन महिने महाराजांनी कसे काढले असतील, याचा विचार मी यापूर्वी कधी केला नव्हता.

समाधीच्या चौथऱ्यावर काही पर्यटक पिठलं-भाकरीच्या ताटल्या घेऊन बसले होते, हे पाहून फार वाईट वाटले. आईने त्यांना शांतपणे तेथून उठण्याची विनंती केली आणि ते उठलेही. मग आम्ही आमची शिदोरी पद्मावती तळ्याच्या काठी नेऊन सोडली.