मातिल्दची बाजू

"दागिन्यांच्या हव्यासाची शिक्षा, दुसरं काय!" एवढं म्हणून समीक्षकांनी चष्मा पुसला आणि फ्रेंच लेखक मोपासांच्या हाराच्या कथेतली नायिका मातिल्द निकालात काढली. आज, वेंगुर्ल्यात, कथेवरच्या कार्यक्रमात.

शेजारच्या मावशी पुटपुटल्या, "आणि तिना धा वर्सां भांडी घासल्यान, ता?"

ते काही डोक्यातून जाईना. रात्री जेवणं उरकल्यावर १८८४ सालची ती कथा पुन्हा काढली. मैत्रिणीकडून दागिना माग, हे सुचवतो नवरा. हार हरवल्यावर "फासा तुटलाय, दुरुस्तीला दिलाय" असं मैत्रिणीला कळव, हेही तोच सांगतो! मैत्रिणीला परत द्यायला घेतलेला नवा हार ३६,००० फ्रँकचा. त्यातले १८,००० त्याच्या वडिलांचे, बाकीचं कर्ज. मग मोलकरीण गेली, घर सुटलं. मातिल्द कपडे धुते, पाणी वाहते, बाजारात घासाघीस करताना शिव्या खाते. देणं मात्र व्याजासकट फेडतात.

हौशी होतीच ती. नवऱ्याने बंदुकीसाठी साठवलेले ४०० फ्रँक तिच्या पोशाखात गेले, तेही खरं. (ते सांगायला समीक्षक विसरले नाहीत.)

पण खोटं दोघांचं, कर्ज दोघांचं आणि हव्यास तेवढा तिचा एकटीचा? नवऱ्याबद्दल कुणीच कसं काही बोलत नाही?