एकशे चार ठिपके

शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करताना माझ्या लेखी एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपणारं तंत्र, हा फक्त एक कागद होता. शिखरं मोजायची आणि संयुगाची रचना लिहायची. एका तासाला सरांनी सांगितलं की याच तंत्रानं द्रावणातल्या प्रथिनाची त्रिमितीय रचना काढता येते आणि त्यासाठी कुर्ट व्यूथ्रिख यांना २००२ साली नोबेल मिळालं. ते मनात घर करून बसलं.

नेट-जेआरएफ दुसऱ्या खेपेला निघाली. पीएचडीच्या मुलाखती, कोर्सवर्क सगळं यथावकाश झालं. खरी परीक्षा पुढे होती.

माझं प्रथिन ११० अमिनो आम्लांचं. नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचा जड समस्थानिक) घालून ते तयार केलं, की एचएसक्यूसी नावाच्या आलेखात प्रत्येक अमिनो आम्लाच्या कण्यासाठी एक ठिपका दिसायला हवा. त्यातली प्रोलीन नावाची पाच अमिनो आम्लं वगळायची, कारण त्यांच्या नायट्रोजनवर हायड्रोजनच नसतो. पहिलं टोकही सहसा दिसत नाही. म्हणजे १०४.

प्रथिन ई. कोलाय जिवाणूंकडून बनवून घ्यायचं. हे जिवाणू एरवी भराभर वाढतात, पण नायट्रोजन-१५ वाल्या अमोनियम क्लोराइडच्या साध्या माध्यमात फार सावकाश. त्यात हे मीठ महाग, त्यामुळे प्रत्येक लिटर जपून वापरायचा. शेवटी हाती येतं जेमतेम अर्धा मिलिलिटर. ते बर्फात, थर्माकोलच्या डब्यात घेऊन मी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला निघायचे, कारण मोठ्या चुंबकाचं यंत्र तिकडे. पहिल्या खेपेला रात्रभर डबा मांडीवरच होता.

ठिपके आले साठेक, तेही आलेखाच्या हायड्रोजनच्या अक्षावर ८ ते ८.५ पीपीएम (त्या अक्षाचं एकक) यांच्या मध्ये एकमेकांवर चढलेले. अशी गर्दी दिसली की प्रथिनाची घडी मोडली आहे असं समजायचं. निघण्याआधी इथे कोल्हापुरातच सर्क्युलर डायक्रोइझम (सीडी, प्रकाशानं घडी तपासायची चाचणी) घेतला असता, तर हेलिक्सच्या, म्हणजे मळसूत्री घडीच्या, २०८ आणि २२२ नॅनोमीटरच्या दोन दऱ्या नाहीत हे घरीच कळलं असतं. नव्यानं या कामात येणाऱ्यांना मी हेच पहिलं सांगते.

मग बफर, म्हणजे प्रथिन ज्यात ठेवतात ते पीएच स्थिर राखणारं द्रावण, बदलत बसले. पीएच ७.५ वरून ६.५ वर आणला, कारण तिथे अमाइडचा, म्हणजे कण्यातल्या नायट्रोजनवरचा, हायड्रोजन पाण्याशी सावकाश अदलाबदल करतो. बफरमधलं मीठही कमी केलं. सीडीत दऱ्या दिसू लागल्या, नमुना तयार झाला, यंत्राची वेळही मिळाली. आणि ऑगस्ट २०१९ उजाडला. पंचगंगा पात्र सोडून शहरात शिरली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. आम्ही उंचावर, पण बाहेर पडायला वाट नव्हती. आई रोज विचारायची, "तुझं ते प्रथिन टिकलं का गं?" नवव्या दिवशी नळीत तळाशी पांढरा साका बसलेला होता. त्या दिवशी मी प्रयोगशाळेतच रडले.

पुन्हा जिवाणू वाढवले. जानेवारीत मुंबईला गेले आणि पडद्यावर ठिपके दूर दूर पसरलेले दिसले, चांदण्यांसारखे. मोजले. ९७.

राहिलेले सात पुढे तिहेरी अनुनादाचे (हायड्रोजन, नायट्रोजन आणि कार्बन तिन्हींचे संकेत जोडणारे) प्रयोग करून क्रमानं जुळवताना कळले. सगळे एकाच वळणावरचे. तो भाग इतका हलतो की त्याचा संकेत पुसट होऊन जातो. प्रबंधात त्याला दोनच पानं मिळाली. पोस्टडॉकसाठी मी जो प्रस्ताव लिहिला आहे, तो पूर्ण त्या सातांवर आहे.