माळव्याच्या उन्हात पुदिना टिकवताना

इंदूरच्या भाजीबाजारात पुदिना सहज मिळतो, तरीही ताकात किंवा पन्ह्यात घालायला ताजी पाने घरीच असावीत, या इच्छेने मी तो गच्चीवर लावला. बी पेरण्याचा विचार केला नाही, कारण पुदिन्याच्या जातींत संकर सहज होतो आणि बियांपासून आलेल्या रोपाला हवा तोच वास येईल याची खात्री नसते. काडीपासून वाढलेले रोप मात्र मूळ झाडासारखेच निघते. बाजारच्या जुडीतल्या निरोगी काड्या पानांच्या सांध्याखाली कापल्या, खालची पाने काढली आणि काड्या पाण्यात ठेवल्या. मुळे प्रामुख्याने सांध्यांपाशी फुटतात, म्हणून निदान एक सांधा पाण्यात बुडालेला हवा.

आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते, तर पुदिन्याला सतत ओल हवी असली तरी साचलेले पाणी सोसत नाही. त्यामुळे मातीत वाळू आणि घरच्या ओल्या कचऱ्याचे खत भरपूर मिसळले. ओला कचरा वेगळा ठेवण्याची सवय या शहराला आहेच. कुंडी खोल घेण्यापेक्षा पसरट घेतली, कारण पुदिन्याची खोडे मातीलगत आडवी धावत जागोजागी मुळे धरतात. याच स्वभावामुळे वाफ्यात मोकळा सोडलेला पुदिना शेजारच्या रोपांची जागाही व्यापतो.

खरी कसोटी मे महिन्यात लागते. पारा 40 अंशांच्या वर गेला की कुंडीला फक्त सकाळचे ऊन मिळेल अशी जागा शोधावी लागते. कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी ही बारीक कीड धरते आणि वरून फिकट ठिपके दिसू लागतात; तेव्हा पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारणे मला औषधापेक्षा अधिक पसंत आहे, कारण ही पाने आपण कच्चीच खातो.

एकेक पान खुडण्यापेक्षा सांध्याच्या जरा वर शेंडा कापणे केव्हाही चांगले, कारण त्या सांध्यातून दोन नवे फुटवे येतात. फुलोरा दिसण्याआधी कापलेला पुदिना अधिक कोवळा आणि सुगंधी असतो. चटणी वाटताना मी लिंबू आधीच पिळते. आंबटपणामुळे पाने काळी पडण्याची क्रिया मंदावते.

पावसाळा लागला की कुंडी उपसून मधली जून, लाकडी झालेली मुळे काढते, कडेचे कोवळे तुकडे नव्या मातीत लावते आणि उरलेले शेजारी वाटून टाकते.