कोकणात स्वस्तात जायचं तर आधी तारीख, मग एसटी, खोली शेवटी

कोकणच्या सहलीत पैसे कुठे जातात असं विचारलं की बहुतेक जण हॉटेलकडे बोट दाखवतात. खोलीच्या भाड्यात घासाघीस करून दोनशे रुपये सोडवायचे आणि कुडाळ स्टेशनबाहेर रिक्षाला सातशे मोजायचे, असा उलटा हिशेब सर्रास चालतो. खोलीत वाचतं, पण थोडं. जास्त वाचतं ते तारीख निवडण्यात आणि स्टेशन ते समुद्र या शेवटच्या पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये.

आधी तारखा. मे महिना, दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नववर्ष या काळात तारकर्ली, गणपतीपुळे, दापोलीकडे कोणी भाव कमी करत नाही, आणि त्यांनी का करावा? गणपती आणि शिमग्याला भाव राहू द्या, गाडीत पाय ठेवायला जागा नसते, कारण चाकरमानी गावी निघालेले असतात. विसर्जनानंतरचे चार-पाच दिवस मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांची तीच गत. स्वस्त काळ दोन: गणपती संपल्यापासून दिवाळीची सुट्टी लागेपर्यंतचा आणि जानेवारीच्या मध्यापासून शिमग्याआधीपर्यंतचा. त्यातही रविवारी रात्री निघून गुरुवारी परतलात तर खोलीचा भाव शनिवारपेक्षा बराच खाली येतो आणि गाडीतही गर्दी उलट्या दिशेची असते.

पावसाळ्यात खोल्या सर्वात स्वस्त मिळतात, पण काय मिळणार नाही ते समजून जा. सिंधुदुर्ग आणि जंजिऱ्याच्या होड्या बंद, समुद्रातले खेळ बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत ताटात येणारा मोठा मासा बहुधा बर्फातला. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकही वेगळं असतं, गाड्या हळू धावतात आणि अधल्यामधल्या स्टेशनांवरच्या वेळा बदलतात. धबधबे, भातशेती आणि निवांत झोप एवढंच हवं असेल तर जरूर जा.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ आधी ते १२० दिवसांचं होतं, आणि बचतीचं गणितही या ६० दिवसांवरच बसवावं लागतं. ते कसं, ते पुढे येईलच. कोकणकन्या एक्सप्रेस रात्री अकरानंतर सीएसएमटीहून सुटते, त्यामुळे तारखेचा घोळ होत नाही. तुतारी एक्सप्रेस मात्र दादरहून मध्यरात्री बारानंतर निघते. शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढावं लागतं. शुक्रवारचं काढलंत तर तुम्ही स्टेशनवर पोचाल तेव्हा तुमची गाडी सावंतवाडीला जाऊन विसावलेली असेल.

वेटिंगचाही एक बारकावा आहे. अधल्यामधल्या स्टेशनांचं तिकीट अनेकदा ‘पूल्ड’, म्हणजे अनेक स्टेशनांत मिळून असलेल्या कोट्यात पडतं आणि ते वेटिंग फार हळू सरकतं. त्याच गाडीचं सुरुवातीच्या स्टेशनपासून शेवटच्या स्टेशनपर्यंतचं तिकीट सर्वसाधारण कोट्यात येतं. फरक थोडा असेल तर मडगावपर्यंतचं काढून कुडाळला उतरलं तरी चालतं, उरलेल्या अंतराचे पैसे मात्र परत मिळत नाहीत. चढायचं स्टेशन वेगळं असेल तर ते आधी ऑनलाइन बदलून घ्या, नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट तेव्हाच, जेव्हा त्याला स्वतंत्र बर्थ नको असतो. बर्थ हवा तर पूर्ण भाडं.

स्वतःची गाडी परवडते की नाही, हे बसणाऱ्यांच्या संख्येवर ठरतं. मुंबई-मालवण जाऊन-येऊन अंदाजे हजार किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तरी सात हजारांच्या आसपास जातात, घाटातला पहिला-दुसरा गिअर वेगळाच. चौघांचा स्लीपर माणशी चारशे धरून दोन्ही वेळचा ३,२०० होतो. सहा-सात जण असतील आणि रोज नवं गाव करायचं असेल तरच चारचाकी काढण्यात अर्थ आहे. तेव्हा गाडीसकट खाडी पार करणाऱ्या फेरीबोटी विसरू नका. दापोलीहून गुहागरला खेड-चिपळूणमार्गे गेलात तर शंभर किलोमीटर पडतात, दाभोळ-धोपावे फेरीने निम्म्यात काम होतं. पुढे तवसाळ-जयगड फेरीने थेट गणपतीपुळ्याच्या वाटेला लागता. शेवटची फेरी कधी सुटते ते निघण्याआधी फोन करून विचारा. ती चुकली तर वाचवलेलं सगळं पेट्रोल त्याच रात्री जळतं.

आता स्टेशन ते समुद्र हा शेवटचा टप्पा. मालवणला कुडाळहून, दापोलीला खेडहून, गुहागरला चिपळूणहून, वेंगुर्ल्याला कुडाळ किंवा सावंतवाडीहून जायचं. कोकणातली बरीच स्टेशनं गावाबाहेर आहेत, म्हणून स्टेशनच्या दारातून समुद्रापर्यंत सरळ रिक्षा करू नका. शेअर रिक्षाने एसटी स्टँडवर या आणि तिथून साधी एसटी पकडा. तीस किलोमीटरला माणशी पन्नास-साठ रुपये. मार्च २०२३ पासून महिलांना सगळ्या एसटींत अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं आणि ७५ च्या पुढे मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, पणजीची एसटी धरलीत तर पुढच्या टप्प्याचे पूर्ण पैसे. एकाच सहलीत चार-पाच गावं करायची असतील तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. एकाच गावी मुक्काम असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, पैसे वसूल होत नाहीत.

खेड्यात उतरलात तर वस्तीची गाडी लक्षात ठेवा. रात्री गावात मुक्कामाला येते आणि पहाटे तालुक्याला परत निघते. ती चुकली तर कधी कधी दुपारपर्यंत दुसरी नसते. वेळ घरमालकाला विचारा, मोबाइलवरच्या वेळापत्रकावर विसंबू नका.

राहायला किनाऱ्याला लागून असलेली खोली घेण्याऐवजी वाडीतलं घर घ्या, चालत दहा मिनिटांवर. फोनवर तीनच गोष्टी विचारा: भाडं खोलीचं की माणशी, जादा गादीचे किती, आणि जेवण तिथेच घेणं सक्तीचं का. गणपतीपुळ्याला देवस्थानाचं भक्तनिवास आहे, तेही बघा.

जेवणात खिसा फाटतो तो सुरमई-पापलेटने. ‘भाव आकाराप्रमाणे’ असं पाटीवर असेल तर तुकडा बघून, भाव ठरवून मगच सांगा. बांगडा, तारली, पेडवे यांची थाळी निम्म्याच्या आसपास येते आणि ताजेपणात काही कमी नसते, उलट स्थानिक घरांत रोज तेच शिजतं. घरगुती खानावळीत आदल्या रात्रीच सांगून ठेवा, कारण ते सकाळी मोजून मासळी घेतात. ऐनवेळी गेलात तर उरलेली महाग सुरमईच पुढ्यात येते. हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव होतो, तिथे वाटा घेऊन घरमालकाकडे दिला तर फक्त करणावळ द्यावी लागते. सकाळी घावणे किंवा आंबोळीवर भागवा, हॉटेलातल्या ब्रेड-आम्लेटपेक्षा पोटालाही बरं.

किल्ल्यांत होडीचे पैसे लागतात ते सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिऱ्याला. विजयदुर्गात आणि जयगडावर पायी जाता येतं. विजयदुर्ग तर २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला आहे. स्कुबा वगैरे करायचं असेल तर मधल्या माणसाकडून पॅकेज घेऊ नका, बोटवाल्याशी थेट बोला आणि व्हिडिओचे पैसे धरलेत का ते आधी वदवून घ्या.

आता बचत. चौघांच्या तीन रात्रींचा ढोबळ अंदाज: रेल्वे ३,२००, एसटी ४००, खोली रोजची २,००० प्रमाणे ६,०००, जेवण माणशी रोज ५०० प्रमाणे तीन दिवसांचे ६,०००, होड्या आणि गावातल्या रिक्षा २,०००. झाले १७,६००. त्यावर दहा टक्के अडीअडचणीला धरा, म्हणजे १९,३६०. बँकेत बारा महिन्यांचं आवर्ती खातं (आरडी) महिना १,६०० रुपयांनी उघडलं तर १९,२०० मुद्दल होते आणि वरचे १६० व्याजातून सहज निघतात. पोस्टाचं आवर्ती खातं यासाठी घेऊ नका, ते पाच वर्षांचं असतं. खात्याची मुदत मात्र निघायच्या तारखेला संपवू नका. तिकिटं ६० दिवस आधी काढायची असतात आणि खोलीचा आगाऊही तेव्हाच द्यावा लागतो. फेब्रुवारीत जायचं असेल तर पैसे नोव्हेंबरअखेर हातात हवेत, म्हणजे खातं त्याच्याही आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरातच उघडायला हवं. त्यातले दोन-तीन हजार निघण्यापूर्वी रोख काढून ठेवा. खाडीकाठच्या वाड्यांत रेंज जाते, फोनवरून पैसे सरकत नाहीत आणि एटीएमसाठी तालुक्याला जायचं म्हणजे पुन्हा रिक्षा.