पासवर्ड बरोबर, तरी परत लॉगिनच

लिनक्सवर पासवर्ड टाकला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि लॉगिनची खिडकी पुन्हा समोर. ‘पासवर्ड चुकला’ असा मेसेज नाही, म्हणजे पासवर्ड पटलाय. सेशन सुरू होतंय आणि लगेच मरतंय. अशा वेळी ‘सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल कर’ सांगणारे हमखास भेटतात. घाई करू नका. बहुतेकदा दोष तुमच्या होम फोल्डरपुरताच असतो.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनलवर लॉगिन करा. पहिली कमांड ‘डीएफ -एच’. होम किंवा मुख्य पार्टिशन १०० टक्के भरलंय? मग चोर सापडला. ईएक्सटी४ फाइलसिस्टीम सहसा ५ टक्के जागा रूटसाठी (म्हणजे सर्वाधिकार असलेल्या अ‍ॅडमिन यूजरसाठी) राखून ठेवते. त्यामुळे डिस्क गच्च भरली तरी रूटच्या सेवा चालू राहतात, लॉगिनची खिडकीही येते; तुमच्या नावाने मात्र एक बाइटही लिहिता येत नाही. डॉट-कॅश फोल्डर रिकामं करा, डेबियन-उबुंटूवर ‘सुडो एपीटी क्लीन’ चालवा, ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम’ने जुने लॉग छाटा (त्यातला एम कॅपिटल). जागा असूनही लिहिता येत नसेल तर ‘डीएफ -आय’ बघा, बारक्या फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणारी नोंदीची जागा) संपवलेले असू शकतात.

जागेचा प्रश्न नसेल तर होममध्ये ‘एलएस -एलए’ चालवा आणि डॉट-एक्सऑथॉरिटीची ओळ शोधा (नावातला एक्स कॅपिटल). एक्स सर्व्हरशी, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रामशी, बोलायची किल्ली या फाइलीत असते. कधीतरी ‘सुडो स्टार्टएक्स’ केलेलं असलं, तर मालकाच्या जागी तुमच्याऐवजी ‘रूट रूट’ दिसतं. परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला. तुमचीच किल्ली तुम्हालाच वाचता येत नाही. ‘एमव्ही’ने तिचं नाव बदला. सुडोही लागत नाही, कारण नाव बदलायला फोल्डरवरचा हक्क पुरतो आणि फोल्डर तुमचंच आहे. पुढच्या लॉगिनला नवी फाइल आपोआप तयार होते. डॉट-आयसीईऑथॉरिटीचा मालकही तपासा. जीडीएम आणि लाइटडीएम हे लॉगिनची खिडकी दाखवणारे प्रोग्राम, म्हणजे लॉगिन मॅनेजर. जीडीएम एक्सऑथॉरिटीची किल्ली होममध्ये ठेवतच नाही, त्यामुळे तिचा उपाय मुख्यतः लाइटडीएमवाल्यांसाठी.

टेम्प फोल्डरची (/tmp) परवानगी १७७७, म्हणजे सगळ्यांना लिहिता येईल अशी, हवी. ‘एलएस -एलडी’मध्ये शेवटी टी दिसला की ठीक.

शेल (कमांड वाचणारा प्रोग्राम) बदलायला डॉट-प्रोफाइलमध्ये ‘एक्झेक झेडएसएच’ अशी ओळ घातलीय का? टर्मिनलवर ती बिनबोभाट चालते, म्हणून तिच्यावर संशय जात नाही. पण अनेक लॉगिन मॅनेजर डेस्कटॉप उघडण्याआधी हीच फाइल वाचतात. झेडएसएच त्यांच्या स्क्रिप्टची जागा घेतं, पुढे कोणी टाइप करणारं नसल्याने बंद पडतं आणि सेशन संपतं. शेल बदलायचा तर ‘सीएचएसएच’ वापरा.

एवढं करूनही अडलं तर ‘सुडो अ‍ॅडयूजर’ने नवा यूजर करून त्याच्या नावाने लॉगिन करून बघा. तो आत गेला तर घोळ तुमच्या सेटिंगमध्ये आहे, डॉट-एक्ससेशन-एरर्सच्या शेवटच्या ओळी वाचा. तोही बाहेर फेकला गेला तर ड्रायव्हरकडे वळा: एनव्हिडिया असेल आणि कर्नल नुकताच अपडेट झाला असेल, तर ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये (डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा तयार करतं) नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ आहे का पाहा. नसेल तर त्या कर्नलचे हेडर टाका आणि ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ चालवा.