५३ पैकी १९ धुतल्या, आणि बाटलीचं प्रकरण

पुण्याच्या जुन्या बाजारातून उचललेल्या खोक्यातल्या १९ रेकॉर्ड धुऊन झाल्या. बहुतेक कोलकात्याजवळ डमडमला छापलेल्या एचएमव्हीच्या एलपी, थोड्या ईपी (लहान तबकड्या), तळाशी चार ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या. वरच्या काहींवर बुरशीचे पांढरे ठिपके आणि कव्हर उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास.

पहिल्या दोन नळाखाली धुतल्या आणि पस्तावलो. आमच्याकडे बोअरचं पाणी, वाळल्यावर तबकडीवर क्षारांची रांगोळी! एलपीची खाच जेमतेम केसाच्या जाडीची. त्यात एवढासा क्षार बसला तरी सुईसाठी तो खडीचा रस्ता.

आता मिश्रण ठरलंय: २०० मिली डिस्टिल्ड वॉटर, ५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्क्यांचं) आणि फोटोवाले फिल्म धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे दोन थेंब. हे थेंब नसले तर पाणी अळवावरच्यासारखं वरच्या वर गोळा होऊन बसतं, खाचेत उतरत नाही. लेबलवर डब्याचं झाकण दाबून धरायचं, ब्रश खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचा आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा धुवायचं. हे शेवटचं मी आधी टाळायचो. दोन गाण्यांत सुईला करडा चिकट कापूस लागला तेव्हा कळलं.

कोविडच्या वेळचा सॅनिटायझरचा कॅन पडून होता, तोही एका टाकाऊ ईपीवर वापरून पाहिला. त्यात ग्लिसरिन असतं, हाताला बरं म्हणून. ईपीवर त्याचा तेलकट थर बसला. तुम्ही करू नका.

खरी चूक मात्र ७८वर झाली. तेच मिश्रण लावलं आणि पहिल्याच हाताला फडकं काळं! सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात हे लहानपणापासून पाहिलेलं, आणि ७८ची तबकडी त्याच लाखेची, हे त्या क्षणी डोक्यात आलं नाही. बोटभर पट्ट्याची चकाकी गेली ती गेलीच. आता ७८ला अल्कोहोल वर्ज्य. फक्त डिस्टिल्ड वॉटर, वेटिंग एजंटचा एक थेंब आणि लगेच कोरडं पुसणं.

म्हणजे द्रावणं दोन, बाटल्याही दोन, आणि इथून पुढचं प्रकरण. पहिलं द्रावण मी मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं होतं. बाबा फिरून आले, बाटली उचलली, झाकण काढलं. वास आला म्हणून थांबले. त्यावर आईनं मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचं सामान मिळतं तिथून जाड प्लॅस्टिकच्या बाटल्या आणल्या आणि मार्करनं नावं घातली. ओतताना एक ओघळ आला आणि नाव पुसून जांभळा डाग उरला. अल्कोहोल मार्करची शाई पुसतंच की! आता कागदावर पेन्सिलीनं ‘विषारी, पिऊ नये’, खाली काय आहे ते आणि भरल्याची तारीख, वरून रुंद सेलोटेप. ७८च्या बाटलीला हिरवं झाकण.

शुद्ध आयसोप्रोपिलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ पेटू शकते ते, १२ अंश सेल्सिअसच्या आसपास. पुण्यातल्या थंडीतल्या काही पहाटा सोडल्या तर वर्षभर त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते. पाणी घातल्यावर धोका उतरतो, जात नाही. वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत जाते. त्यामुळे स्वयंपाकघर, गॅस गीझरचं न्हाणीघर, इन्व्हर्टरचा कोपरा आणि निरांजनामुळे देवघराशेजारची खोलीही बाद. उरली उत्तरेची गॅलरी. तिथे ऊन येत नाही, वारा खेळता असतो. कुलपाच्या लोखंडी कपाटात खालच्या फळीवर अर्धा लिटर, त्याहून जास्त घरात आणत नाही. वापरलेली फडकी तिथेच दोरीवर वाळवतो, मग कचऱ्यात. तयार द्रावण महिनाभरात संपवतो. ७८चं, म्हणजे बिनअल्कोहोलचं, तर आठवड्यात, कारण मागच्या बाटलीत पंधरा दिवसांत तळाला शेवाळासारखे तंतू तरंगायला लागले होते.

विसावी रेकॉर्ड अडलीये. नाट्यसंगीताची एलपी, पहिल्या बाजूला तिसऱ्या पदात सुई उडते. भिंगाखाली पाहिलं तर खाचेत मेणाचा थेंब, लोडशेडिंगच्या काळातला असणार. त्याला पाणी लागत नाही, आयसोप्रोपिलही नाही. नखानं खरवडायचा धीर होत नाही. कोणी काढलाय का असा?