किल्ल्यांचा खिळा

दसरा झाला की ऊसतोडीसाठी बीडकडची गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन झालेली असते, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' ठरलेला असतो. बिऱ्हाड पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातं आणि साखर कारखान्याचा हंगाम संपला की परततं. त्यांच्या हालांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. माझं लक्ष मात्र त्यांनी मागं ठेवलेल्या किल्ल्यांकडं जातं.

आमच्या चुलतीच्या ओसरीत त्यासाठी एक खिळाच आहे. कोणती किल्ली कुणाची, हे ती नाडीच्या रंगावरून सांगते. भावकीत किल्ली सहसा जात नाही, तिथं बांधाचा वाद चालू असतो. ती जाते शेजारी. देणारी एवढंच म्हणते, "मावशी, घराकडं ध्यान असू द्या." त्या एका वाक्यात काय काय बसतं! आठवड्याला दार उघडून वारा द्यायचा, उंदरांनी कणगी पोखरली का बघायचं, देवापुढं दिवा लावायचा, म्हाताऱ्याच्या गोळ्या संपल्या का विचारायचं. शाळकरी पोरं हंगामी वसतिगृहाच्या सोयीमुळं गावात राहिली, तर त्यांच्या डोक्याला तेल लागलंय का, हेही. याची मजुरी कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही.

शेळीचं मात्र रीतसर ठरतं. अर्धलीनं दिली, तर चारा सांभाळणाऱ्याचा, पिल्लं निम्मी-निम्मी. मला हा व्यवहार फार शहाणा वाटतो. घराच्या राखणीला मोल लावलं तर शेजार नासतो. शेळीला लावलं नाही, तर शेळी मरते.

रेशन दुकानातल्या यंत्राला मात्र हे कळत नाही. त्याला कार्डावरच्याच माणसाचा अंगठा लागतो. अख्खं घर जिच्या हवाली, त्या चुलतीला त्यांचे गहू काही मिळत नाहीत.

बिऱ्हाडं परतली की ओसरीत गर्दी होते. किल्ल्या जातात, कुणी गुळाची ढेप ठेवून जातं, शेळीची पिल्लं तिथंच वाटली जातात. कोंबड्यांचा हिशेब तेवढा कधी जुळत नाही. चुलती मुंगसाचं नाव घेते. समोरची बाई चुलतीच्या नातवाकडं बघते. नातू बऱ्यापैकी धष्टपुष्ट आहे.